अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा निर्धोक करण्याचा क्रम: फोडणं सर्वांत शेवटी

अ‍ॅस्बेस्टॉसच्या कचऱ्यावर प्रक्रिया करायची म्हणून लोक मला आराखडे दाखवायला आणतात. माणसं वेगळी, कागद वेगळे, पण बहुतेकांची पहिली चौकट एकच: क्रशर. पत्रे आधी बारीक करू, मग भट्टीत किंवा आम्लात टाकू, म्हणजे मालही जास्त मावेल आणि कामही लवकर उरकेल, असा हिशेब त्यामागे असतो. दगडाच्या किंवा काचेच्या बाबतीत तो बरोबर आहे. इथे तो जिवावर बेततो. सिमेंटच्या पत्र्यात तंतू सिमेंटने आवळून धरलेले असतात, आणि पत्रा अख्खा आहे तोवर ते बऱ्यापैकी जागच्या जागी राहतात. क्रशरमधून तो गेला की त्याच वस्तूचा हवेत तरंगणारा ढग होतो. श्वासावाटे आत गेलेले तंतू फुप्फुसात वर्षानुवर्षं राहतात, आणि मेसोथेलिओमासारखा कर्करोग २० ते ५० वर्षांनी वर येतो. क्रशर चालवणाऱ्याला त्या दिवशी साधा खोकलाही येत नाही, त्यामुळे काही चुकलं हे कुणाला कळतच नाही.

म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा क्रमावर भर आहे. माल अख्खा ठेवायचा, बंद ठेवूनच त्यातले तंतू नष्ट करायचे, ते नष्ट झाल्याचा पुरावा हाती घ्यायचा आणि मगच तो फोडायचा. प्रक्रिया केंद्र उभारणारे, तिथे काम करणारे आणि पाडकामाचा माल तिथवर पोहोचवणारे यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ज्यांच्या घरावर असे पत्रे आहेत त्यांनी पहिले दोन टप्पे वाचावेत, पण ते काम प्रशिक्षित, परवाना असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावं. शेकोटीत, घरगुती भट्टीत किंवा आम्लाच्या बादलीत प्रयोग करू नका. आगीत पत्रा तडतडून फुटतो, तुकडे उडतात, आणि तंतू नष्ट होण्याइतकं तापमान आतपर्यंत पोहोचतच नाही.

## टप्पा १: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका खनिजाचं नाव नाही. व्यवहारात सहा खनिजं या नावाखाली येतात. क्रायसोटाइल म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, त्याचे तंतू मऊ आणि कुरळे असतात. बाकीची पाच अ‍ॅम्फिबोल कुळातली: अमोसाइट (तपकिरी), क्रोसिडोलाइट (निळं), ट्रेमोलाइट, अ‍ॅक्टिनोलाइट आणि अँथोफायलाइट. यांचे तंतू ताठ, सुईसारखे असतात. सहाही कर्करोगकारक आहेत. तरीही फरक ओळखावाच लागतो, कारण जी पद्धत क्रायसोटाइलवर चालते ती अ‍ॅम्फिबोलवर चालेलच असं नाही.

दुसरा प्रश्न, तंतू कशात बांधलेले आहेत? नालीदार पत्रे, सिमेंटचे पाइप, पाण्याच्या टाक्या यांत साधारण १० ते १५ टक्के तंतू आणि बाकी सिमेंट असतं. हा घट्ट बांधलेला माल. पाइपावरचा उष्णतारोधक लेप, फवारलेला थर, दोऱ्या, बोर्ड आणि जुने गॅस्केट यांत तंतूंचं प्रमाण कितीतरी जास्त असू शकतं, आणि लेप तर बोटांनी चुरगळतो. हा भुसभुशीत माल. दोन्हींची एकच रास केलीत तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकेल.

नमुना घेताना जागा आधी ओली करा, छोटा तुकडा कापा, दोन पिशव्यांत बंद करा आणि उघडी कड लगेच गोंद किंवा रंग लावून झाका. एका इमारतीतून एकच नमुना पुरत नाही. छपराचा पत्रा, पन्हाळ आणि पाइप वेगवेगळ्या काळात बसवलेले असू शकतात. निळं अ‍ॅस्बेस्टॉस पत्र्यापेक्षा दाबाच्या पाइपांत जास्त सापडतं.

तपासा: प्रत्येक राशीला तंतूचा प्रकार, बांधणी (घट्ट की भुसभुशीत) आणि सोबतचा माल (पीव्हीसी, जिप्सम, रंग, लोखंड) लिहिलेलं लेबल आहे का? नसेल तर ती रास पुढे सरकवू नका.

## टप्पा २: अख्खं काढा, ओलं ठेवा, दोनदा बांधा

इथे नुसतं पाणी पुरत नाही. कोरड्या तंतूंच्या झुपक्यावर पाणी मण्यासारखं घरंगळतं. पाणी तंतूंत मुरायला मदत करणारं द्रव्य (सर्फॅक्टंट) त्यात मिसळा आणि जोराचा फवारा न मारता हलकं शिंपण करा. जोराच्या धारेने धूळ बसत नाही, उलट सुटा थर उखडतो.

नट-बोल्ट कापायचे, पत्रा ओढून तोडायचा नाही. खाली फेकायचा नाही, त्यावरून चालायचं नाही. भुसभुशीत माल असेल तर जागा पॉलिथिनने बंद करून आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, साधारण ५ पास्कलने. त्यामुळे कुठे फट राहिली तरी हवा बाहेरून आत येते, आतली बाहेर जात नाही. बाहेर सोडायची हवा हेपा फिल्टरमधून जायला हवी, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या फिल्टरमधून.

मास्कबद्दल सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण सर्वांत जास्त हयगय तिथेच दिसते. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क इथे काहीच अडवत नाही. पी३ किंवा पी१०० दर्जाचं फिल्टर आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा हवा. तो प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसतो का, याची वेगळी चाचणी करा. दाढीचे खुंट असतील तर उत्तम मुखवटाही कडेने हवा आत घेतो.

बांधताना किमान ०.१५ मिलिमीटर जाडीचं पॉलिथिन, दुहेरी. आतली पिशवी हंसाच्या मानेसारखी पिळून, दुमडून टेपने बंद करायची, ती पुसून घ्यायची, मग बाहेरची चढवायची. अख्खे पत्रे पॅलेटवर रचून पूर्ण गुंडाळायचे. पिशवीत बसावा म्हणून पत्रा मोडायचा नाही.

इशारा: बांधणीसाठी पीव्हीसी वापरू नका. माल पुढे भट्टीत जाणार असेल तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि डायऑक्सिन या विषारी संयुगांचा धोका वाढतो. साधं पॉलिथिन घ्या.

## टप्पा ३: पद्धत मालावरून ठरवा

तापवणं. क्रायसोटाइलच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, वजनाच्या सुमारे १३ टक्के. साधारण ६०० ते ७५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते निघून जातं आणि स्फटिकाची रचना कोसळते. ८०० च्या पुढे त्याचं फोर्स्टेराइट हे वेगळंच खनिज होतं, १००० च्या पुढे एन्स्टाटाइट हे आणखी एक खनिज दिसू लागतं. अ‍ॅम्फिबोल जास्त चिवट, त्यातल्या ट्रेमोलाइटला १००० च्याही वर न्यावं लागतं. सिमेंटच्या पत्र्यांसाठी मी राशीच्या गाभ्यात १२०० अंश हे लक्ष्य धरतो. त्या तापमानाला सिमेंटमधला चुना आणि तंतूंतलं मॅग्नेशियम, सिलिका यांची एकमेकांशी अभिक्रिया होऊन नवीच खनिजं तयार होतात, आणि मिश्र माल आला तरी अ‍ॅम्फिबोल सुटत नाही. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे माल बांधलेल्या गठ्ठ्यासकट आत जातो.

वितळवणं. १४०० अंशांच्या वर सगळ्याचा रस करून काच बनवायची. कुठलाही तंतू असो, सोबत काहीही असो, वितळलं की रचना संपली. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मोर्सांस इथे प्लाझ्मा टॉर्चने (विजेने प्रचंड तापवलेल्या वायूच्या झोताने) हे काम औद्योगिक पातळीवर केलं गेलं, आणि तयार झालेली काळी काच रस्त्याच्या भरावात वापरली गेली. ऊर्जा मात्र खूप लागते. भुसभुशीत, जास्त तंतूंच्या, मिश्र आणि अनोळखी मालासाठी ही पद्धत राखून ठेवावी.

आम्ल. आराखड्यांमध्ये सर्वांत जास्त चुका मला इथे सापडतात. क्रायसोटाइलमधला मॅग्नेशियमचा थर आम्लात विरघळतो आणि मागे सिलिकेचा सांगाडा उरतो, हे खरं. पण अ‍ॅम्फिबोल नेहमीच्या आम्लांना दाद देत नाहीत. म्हणजे मालात थोडंसंही निळं किंवा तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर ते तसंच शिल्लक राहणार. शिवाय आम्ल आधी सिमेंट खातं. पत्र्याचा बहुतेक भाग सिमेंटच असल्याने आम्लाचा मोठा हिस्सा त्यातच संपतो, कार्बोनेटमुळे फेस येतो, आणि फेसाचा प्रत्येक फुटणारा बुडबुडा तुषार उडवतो. मधल्या अवस्थेत तर सिमेंट गेलेलं असतं आणि तंतू अजून शाबूत असतात. घट्ट बांधलेला माल तुम्ही स्वतःच्या हाताने भुसभुशीत केलेला असतो. त्यामुळे ही टाकी झाकलेली आणि आतून हवा ओढून घेणारीच हवी. मध्येच आम्ल संपलं तर टाकी उघडून पाहायची नाही, बाहेरूनच आम्ल वाढवायचं.

सल्फ्युरिक आम्ल स्वस्त पडतं म्हणून निवडलं तर चुन्याचं जिप्सम होतं. ते तुकड्यांवर साय धरल्यासारखं बसतं, आणि आतपर्यंत आम्ल पोहोचत नाही. हायड्रोक्लोरिकमध्ये चुना विरघळलेला राहतो, पण क्षारांनी भरलेलं पाणी उरतं आणि त्याची सोय करावी लागते.

दळून रचना मोडणं. जोरदार चक्कीत तासन् तास दळलं की स्फटिकाची रचना खरोखरच मोडते. पण ती चक्की पूर्ण बंद असते आणि आत जाणारा मालही बंद मार्गाने जातो. साध्या क्रशरला हे वर्णन लागू पडत नाही. दोघांची गल्लत करू नका.

लेखाचा पुढचा भाग मुख्यतः तापवण्याच्या पद्धतीबद्दल आहे, कारण पत्र्यांच्या मोठ्या राशींना तीच सर्वांत नीट लागू पडते.

## टप्पा ४: भट्टीपूर्वी

परवानगी, कामगारांची वैद्यकीय नोंद, हवेतल्या तंतूंची सुरुवातीची मोजणी हे आधी पूर्ण करा. भट्टी चालू झाल्यावर घेतलेल्या मोजणीला तुलनेसाठी काहीच उरत नाही.

मग ओलाव्याचा प्रश्न येतो. काढताना माल ओला ठेवला, तो बरोबरच होता. पण भिजलेला पत्रा भराभर तापला तर आतल्या वाफेने फुटतो. काही जण यावर उपाय म्हणून गठ्ठे सोडून पत्रे वाळत घालतात. हे करू नका. वाळवण भट्टीच्या आतच करायची: १०० अंशांच्या थोडं वर तापमान थांबवून ठेवायचं आणि बाहेर पडणारी वाफ कमी होईपर्यंत पुढे जायचं नाही.

जिप्समचे बोर्ड, पीव्हीसीच्या फरश्या, डांबराचे थर वेगळे काढून ठेवा. जिप्सममुळे वायूत सल्फर डायऑक्साइड वाढतो, पीव्हीसीमुळे क्लोरीनचं ओझं. गठ्ठा न उघडता हे वेगळं करायचं म्हणजे मूळ जागेवर, काढतानाच करायला हवं. टप्पा १ मधलं लेबल इथे कामाला येतं.

धुराच्या मार्गाचा क्रम असा: आधी ज्वलनकक्ष, म्हणजे पॉलिथिन आणि रंगाचा धूर पूर्ण जळेल. मग वायू झपाट्याने थंड करणं. मग धुळीचं फिल्टर, आणि शेवटी हेपा. हेपा फिल्टर गरम किंवा ओल्या वायूत टिकत नाही, म्हणून ते आधी लावता येत नाही.

तपासा: भट्टी थंड असतानाच दारांच्या फटींपाशी धूरकांडी धरून बघा. धूर सगळीकडून आत ओढला जायला हवा. एका जरी जागी तो बाहेर झुकला तरी दार दुरुस्त होईपर्यंत माल भरू नका.

## टप्पा ५: भट्टी चालवणं

पॉलिथिन साधारण ११० अंशांपाशी वितळतं. तंतू नष्ट होतात ते ६००-७०० च्या पुढे. म्हणजे मधला सगळा वेळ मालाभोवती पिशवी नसते आणि तंतू शाबूत असतात. त्या काळात भट्टी हीच पिशवी. आतला कमी दाब पेटवण्याआधी सुरू झाला पाहिजे आणि वीज गेली तरी चालू राहिला पाहिजे. शोषण पंख्याला स्वतंत्र जनरेटर नसेल तर ते केंद्र चालवायला तयार झालेलं नाही.

आता तापमान. मी एका चाचणीला हजर होतो, तिथे भट्टीचा आकडा १२०० दाखवत होता आणि सगळे खूश होते. थंड झाल्यावर रास मधोमध उघडली (सुदैवाने पूर्ण संरक्षणात). बाहेरचे पत्रे बदामी, तांबूस झालेले, हातात घेतल्यावर खणखणीत. आत जाऊ तसा रंग उतरत गेला, आणि गाभ्यातले तीन-चार पत्रे जवळजवळ मूळचे करडे होते. कडेला तंतूंचे पांढरे केस अजून दिसत होते. थर्मोकपल भट्टीच्या छताजवळ लावलेलं होतं. ते हवेचं तापमान मोजत होतं, पत्र्यांचं नव्हे.

म्हणून:

१. किमान एक थर्मोकपल राशीच्या अगदी गाभ्यात, दोन पत्र्यांच्या मध्ये. एक तळाशी, दाराच्या बाजूला, जिथे भट्टी सहसा सर्वांत थंड असते.

२. पत्र्यांच्या थरांमध्ये गरम हवा खेळायला जागा ठेवून रास रचा. ही रचना बांधतानाच करावी लागते, कारण भट्टीपाशी गठ्ठा सोडता येत नाही.

३. तापमान हळूहळू चढवा. वाळवणीचा थांबा झाला की साधारण ४५० अंशांपाशी सिमेंटमधला चुना पाणी सोडतो. पुढे ७०० ते ८५० च्या पट्ट्यात क्रायसोटाइलचं उरलेलं पाणी आणि कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या कामात उष्णता खर्ची पडते, त्यामुळे गाभ्याचा आकडा इथे बराच वेळ अडून बसतो. नवखा चालक घाबरतो, ज्वाला वाढवतो. बाहेरचे पत्रे वितळायला लागतात आणि आतलं तसंच राहतं. आकडा अडला की थांबा. तो पुन्हा चढू लागला की ती अभिक्रिया संपत आली, असं समजा.

४. ठरवलेल्या तापमानाला मुरवण्याचा वेळ गाभ्याने १२०० गाठल्यापासून मोजा, भट्टीने गाठल्यापासून नाही. हा वेळ प्रत्येक भट्टीचा आणि राशीच्या आकाराचा वेगळा असतो. तो आधीच्या चाचणी राशींवरून ठरवायचा आणि मग राशीचा आकार बदलायचा नाही. आकार बदलला की चाचणी पुन्हा.

५. प्रत्येक राशीत साक्षीदार ठेवा. ठरावीक तापमानाला वाकणारे सिरॅमिकचे शंकू गाभ्यात ठेवता येतात. त्याहून चांगला साक्षीदार म्हणजे झाकणाच्या छोट्या मुशीत ओळखीचा क्रायसोटाइलचा नमुना बंद करून राशीच्या सर्वांत थंड जागी ठेवणं. तो पूर्ण बदलला असेल तर बाकी माल बदलला, असं म्हणायला आधार मिळतो.

इशारा: थंड होताना घाई नको, आणि गाफीलही राहू नका. या मालात कॅल्शियम सिलिकेट तयार होतं. त्याचं एक रूप हळू थंड होताना फुगतं आणि अख्खी वस्तू आपोआप पिठासारखी भुरभुरते. सिमेंटच्या भट्टीवाल्यांना हे ओळखीचं आहे. आपल्या बाबतीत याचा अर्थ असा, की पुरावा हाती येण्याआधीच माल स्वतःहून फुटू शकतो. म्हणून रास बाहेर काढताना ती अजून धोकादायक आहे असं धरूनच, झाकण असलेल्या लोखंडी पेटीत, शोषण चालू ठेवून काढा.

## टप्पा ६: पुरावा

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो. कारण विचारलं तर उत्तर येतं, "भट्टीचा आलेख आहे ना." आलेखावरून भट्टी तापली एवढंच कळतं.

डोळ्यांवर विसंबू नका. तापवलेल्या क्रायसोटाइलची एक फसवी गोष्ट आहे. फोर्स्टेराइट सुमारे १८९० अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या तापमानाला ते वितळत नाही. रचना बदलते, पण आकार तंतूचाच राहतो. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली असा झुपका बघितला तर तो पहिल्यासारखाच रेशमी दिसतो. सुईचं टोक हलकेच लावा: कच्चा तंतू वाकतो आणि सुईला चिकटून ओढला जातो, बदललेला तंतू तिथल्या तिथे तुटून कणी होतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही. पण हा प्राथमिक अंदाज आहे, दाखला नाही.

उलट बाजूनेही फसगत होते. तापल्यावर निळं आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस रंग बदलतं, त्याचे प्रकाशीय गुणही बदलतात. फक्त रंगावरून ओळखणारा तंत्रज्ञ "नाही" लिहून मोकळा होतो.

दाखल्यासाठी निदान दोन वेगळ्या पद्धती एकत्र वापरा.

क्ष-किरण विवर्तन म्हणजे एक्सआरडी स्फटिकाची रचना दाखवतं. क्रायसोटाइलची ओळख ७.३ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या शिखरावरून (आलेखातल्या उंचवट्यावरून) पटते, अ‍ॅम्फिबोलची ८.४ च्या आसपास. शिखर नाही म्हणजे पदार्थ नाही, असं मात्र नसतं. नेहमीच्या मोजणीत साधारण एका टक्क्याखालचा अंश सुटून जाऊ शकतो.

म्हणून जोडीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. क्रायसोटाइलचा एकेक मूळ तंतू ०.०२ ते ०.०४ मायक्रॉन जाडीचा असतो, आणि प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसतच नाही. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तो दिसतो, आणि इलेक्ट्रॉन विवर्तनाने त्याची रचना क्रायसोटाइलची आहे की फोर्स्टेराइटची, हेही ठरवता येतं. नेमका हाच आपला प्रश्न असतो.

अवरक्त वर्णपटही उपयोगी पडतो. स्फटिकातल्या पाण्याची क्रायसोटाइलची खूण ३६९० तरंगांकाजवळ येते. ती गेली नसेल तर माल परत भट्टीत.

नमुना कुठून घ्यायचा? राशीच्या सर्वांत थंड जागेतून. सरासरी नमुन्यात चांगल्या मालाने वाईट मालाची कमतरता झाकली जाते. नमुना दळावा लागणार, तर तो बंद कपाटातच दळायचा.

निष्कर्ष येईपर्यंत पेटी बंद, लेबल "अनिश्चित". "सुरक्षित" हे लेबल कागद आल्यावर.

तपासा: पाझर चाचणीही करून घ्या. हवेच्या सान्निध्यात, चुना असलेला माल तापला की त्यातल्या क्रोमियमचं सहासंयुजी रूप तयार होऊ शकतं. ते पाण्यात विरघळतं आणि विषारी असतं. तंतू संपले पण क्रोमियम पाझरतो, असा माल रस्त्याखाली घालता येत नाही.

## टप्पा ७: आता फोडा, आणि उपयोगी माल वेगळा करा

पुरावा हाती आला की क्रशरची वेळ आली. तरीही मास्क आणि धूळशोषण चालूच ठेवा. तंतू गेले तरी बारीक पूड फुप्फुसाला चांगली नसते. सिलिका जास्त असलेल्या किंवा अ‍ॅम्फिबोल होतं अशा मालात क्रिस्टोबलाइट तयार झालेलं असू शकतं, आणि ती स्फटिकी सिलिका सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाला कारण होते. शिवाय मोकळ्या चुन्यामुळे ही पूड ओली झाली की कातडी भाजते. हातमोजे हवेत.

उपयोगाबाबत लोक नेहमी सर्वांत चकाकणारी गोष्ट आधी विचारतात: मॅग्नेशियम मिळेल का? पत्र्यांतून विचारत असाल तर तो हिशेब सहसा जमत नाही, कारण त्यात तंतूच मुळात दहा-पंधरा टक्के. खाणीच्या ढिगाऱ्यांची गोष्ट वेगळी. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात डॅनव्हिल इथे अ‍ॅस्बेस्टॉस खाणीच्या अवशेषांतून मॅग्नेशियम धातू काढणारा मोठा कारखाना २००० साली सुरू झाला आणि २००३ मध्ये बंदही पडला.

तापवलेल्या पत्र्यांसाठी व्यवहारी वाटा या:

- सिमेंटच्या भट्टीत कच्च्या मालाचा भाग. चुना आणि सिलिका दोन्ही त्यात आहेतच, आणि कार्बन डायऑक्साइड आधीच निघून गेलेला असतो. अडचण मॅग्नेशियमची. क्लिंकरमध्ये (सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या, दळण्याआधीच्या गोळ्यांत) मॅग्नेशियम ऑक्साइडला सहसा ५ टक्क्यांच्या आसपास मर्यादा असते. जास्त झालं तर ते बांधकामात उशिरा फुगतं आणि तडे जातात. म्हणून प्रमाण ठरवण्याआधी प्रत्येक खेपेचं रासायनिक विश्लेषण हवं.
- काँक्रीट, विटा, फरश्यांत बारीक भरण. त्यातल्या कॅल्शियम सिलिकेटला थोडा सिमेंटसारखा गुणही असतो.
- खनिज लोकर, काच-सिरॅमिक, रंगद्रव्यं. यासाठी मालाचा रासायनिक घटक एकसारखा लागतो, म्हणजे पुन्हा टप्पा १ मधली वर्गवारी.

लोखंडी पाइपांवरच्या लेपाचा माल वितळवण्याच्या भट्टीत गेला तर लोखंड तळाशी वेगळं होतं आणि वरची काच काढून घेता येते.

आम्लाच्या वाटेने गेला असाल तर क्रम असा: आधी सिलिकेचा सांगाडा गाळून, धुऊन घ्या. तोही तंतूच्याच आकाराचा असतो, म्हणून टप्पा ६ त्यालाही लागू. मग द्रावणाचा सामू (पीएच) हळूहळू वाढवा. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम आधी खाली बसतात, निकेलसारखे धातू त्यानंतर, आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड साधारण सामू १० च्या पुढे. एकदम अल्क टाकलं तर सगळंच एकत्र खाली येतं. मग त्या करड्या चिखलातून मॅग्नेशियम वेगळं करणं कठीण.

## टप्पा ८: उरलेला कचरा

वापरलेली फिल्टरं, पोशाख, फरशी पुसलेले कपडे, धुण्याचं पाणी गाळून राहिलेला गाळ, भट्टीच्या दाराचं जुनं अस्तर: हे सगळं कच्च्या मालाइतकंच धोकादायक आहे. ते दुहेरी पिशवीत बांधून पुढच्या राशीत घाला. कामगार बाहेर पडताना आधी हेपा लावलेल्या व्हॅक्यूमने पोशाख साफ करतो, मग पोशाख उतरवतो, मग अंघोळ करतो. मुखवटा शेवटी, अंघोळीच्या पाण्याखाली डोकं भिजल्यावर निघतो. आधी मुखवटा काढणं ही सवयीची चूक आहे, आणि दिवसभराचं संरक्षण त्या अर्ध्या मिनिटात वाया जातं.

आतल्या आणि बाहेरच्या हवेची मोजणी ठरलेल्या वेळी करत राहा. मोजणीत साधारणपणे ५ मायक्रॉनहून लांब, ३ हून बारीक आणि जाडीच्या तिपटीहून लांब असलेले तंतू धरले जातात. आकडा एकदाही चढला तर आधी भरणं थांबवा, मग कारण शोधा. राशीचा क्रमांक, गाभ्याच्या तापमानाचा आलेख, साक्षीदार नमुना, दोन्ही तपासण्यांचे कागद आणि माल कुठे गेला, हे एकाच नोंदीत असू द्या. तीस वर्षांनी एखादा कामगार किंवा त्याची मुलं विचारायला आली तर ती नोंद त्यांना सापडली पाहिजे.